त्यांच्या छतातून गेलेली लाइन

आमच्या फ्लॅटचा संडास दाराशीच आहे. बाहेरून आत आलं की डाव्या हाताला चपलांचा रॅक, त्याला लागून संडास, मग नहाणीघर, आणि समोर हॉल. नाशिकच्या सिडकोतल्या जुन्या इमारतींत बऱ्याच घरांची रचना अशीच. झोपायची खोली थेट दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला. म्हणजे खोलीतून उठून संडासला जायचं तर अख्खा हॉल ओलांडायचा, तिथे जो कोणी बसला असेल त्याच्या डोळ्यांदेखत. इतकी वर्षं त्या घरात राहिलो, पण हे मला कधी खटकलं नव्हतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर खटकलं.

मी शाळेत पीटीचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतरही रोज सकाळी पांढरी पँट, पांढरे बूट घालून जॉगिंग ट्रॅकवर जायचो. माझ्याहून कितीतरी लहान माणसं धापा टाकत मागे राहायची आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो. शरीर ही आपल्या हुकमातली गोष्ट आहे, असं धरूनच मी चाललो होतो. ऑपरेशन चांगलं झालं. नळी काढल्यावर डॉक्टर म्हणाले की काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, व्यायाम सांगतो तो करा, हळूहळू सुधारेल, काहींना जास्त वेळ लागतो. मी मनात म्हटलं, व्यायामच करायचा ना.

मला जास्त वेळ लागला. कळ आली की ती थांबायचं नावच घ्यायची नाही. खोलीच्या दारापर्यंत ठीक असायचो, हॉलच्या मध्यावर आलो की संपलं. बायकोने औषधांच्या दुकानातून मोठ्या माणसांसाठीचे डायपर आणले आणि कपाटात माझ्या बनियनांखाली ठेवून दिले. ती त्याबद्दल काही बोलली नाही, मीही बोललो नाही. पाकीट मी फोडलं नाही.

एका रविवारी ट्रॅकवरची मंडळी मला भेटायला आली. हॉल भरून गेला. येताना कुणीतरी पिंपळगावच्या मळ्यातली द्राक्षं आणली होती, ती धुऊन मधे ठेवलेली. गप्पा रंगल्या होत्या. मला मधेच कळ आली, पण उठायचं म्हणजे सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत त्या दारापर्यंत जायचं, आणि ते दार इतकं जवळ की आतला आवाज बाहेर ऐकू येतो. म्हणून मी बसून राहिलो. आता उठतील, मग उठतील, असं करत राहिलो. शेवटी ते उठले, त्यांना निरोप द्यायला मीही उठलो, आणि उभा राहिल्या राहिल्या झालं. पांढऱ्या पँटवर ते लपत नाही.  एक जण वर पंख्याकडे बघायला लागला. दुसऱ्याने घाईघाईने चपला घातल्या, त्या बहुतेक त्याच्या नव्हत्याही. दार लागल्यावर बायको फडकं घेऊन आली आणि मी तिच्यावर खेकसलो, की द्राक्षं कशाला धुवायला घेतलीस, नुसतं पाणी पाणी केलंस सगळीकडे.

त्यानंतर मी ट्रॅकवर जाणं सोडलं. बोलणंही कमी केलं. बायको जेवायला हाक मारायची, मी जेवायचो, पुन्हा खोलीत. ती रोज चादर बदलायची, तेव्हा मी गॅलरीत पाठ करून उभा राहायचो.

मुलगा सातपूरला एका कारखान्यात आहे. लग्न व्हायचंय, हॉलमध्येच झोपतो. त्याने हे सगळं पाहिलेलं होतंच. आमचं नहाणीघर दुरुस्तीला आलेलं, फरशा पोकळ झालेल्या, भिंतीला ओल. तो म्हणाला, तोडायचंच आहे तर एकदाच तोडू, आणि खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा संडास काढू. कशासाठी ते तो म्हणाला नाही. त्याचे मला आभार मानायला हवे होते. मी फक्त म्हणालो, तुला काय करायचं ते कर.

प्लंबर मूळचा मालेगावकडचा, पण बरीच वर्षं नाशकातच काम करणारा. माणूस कामाचा होता, पण त्याला हळू बोलता यायचं नाही. ड्रिल मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळाच तसा झाला असावा. त्याने खोलीचा कोपरा पाहिला, खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं, जिना उतरून डक्टमध्ये डोकावून आला आणि अडचण सांगितली. संडासाच्या पाइपला ढाळ, म्हणजे उतार, लागतो. मैला वाहून नेणारी इमारतीची उभी लाइन मागच्या डक्टमध्ये, आणि आमचा कोपरा पुढच्या बाजूला. पाइप फरशीवरून न्यायचा तर संडासाची जमीन दोन पायऱ्या उंच करावी लागेल, आणि घाईत पायऱ्या चढणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, कारण मुलाने त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं. बाहेरच्या भिंतीवरून न्यायचा तर रस्त्याच्या बाजूने पाइप लावायला सोसायटीची बंदी. राहिला एकच मार्ग. स्लॅबला भोक पाडून पाइप खाली उतरवायचा आणि खालच्या घराच्या छताला टांगून मागच्या डक्टपर्यंत न्यायचा. सोसायटीच्या चेअरमननी सांगितलं, खालच्यांची लेखी संमती आणा, आमची हरकत नाही.

खाली एक वहिनी राहतात. माझ्याच वयाच्या असतील. यजमान काही वर्षांपूर्वी गेले, मुलगी पुण्याला. त्या घरी मसाले आणि लोणची करून विकतात, त्यामुळे त्यांच्या दारावरून जाताना नेहमी ठसका लागतो. आमचा संबंध जिन्यात नमस्कार करण्यापुरता. मी संमती मागायला गेलो तेव्हा त्यांनी आत बोलावलं, आणि आतली खोली दाखवा म्हटल्यावर दाखवली. आमच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली त्यांचं देवघर होतं. सागवानी देव्हारा, समोर समई, बाजूला यजमानांचा हार घातलेला फोटो. तो कोपरा बघताच मला परत फिरावंसं वाटलं. पण आलोच होतो, म्हणून सांगून टाकलं की मुलाचं लग्न करायचंय, सून येईल, आजकालच्या मुलींना खोलीला लागून संडास लागतो.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या घरात तुम्ही काय हवं ते करा. पण माझ्या देवांच्या डोक्यावरून ती घाण नको."

मी लगेच हो म्हटलं. बरोबर आहे तुमचं, विषय सोडून द्या, असंही म्हटलं. जिना चढताना मला चक्क हायसं वाटत होतं. संडास नाही झाला तरी चालेल, पण कुणाला काही कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

मुलाला ते पटलं नाही. त्याने प्लंबरला सांगितलं, तुम्ही एकदा जाऊन बघा, देवघर चुकवून पाइप वळवता येतो का. प्लंबर खाली गेला. मी आमच्या दारात उभा राहून ऐकत होतो. आधी टेप ओढल्याचा आवाज आला, स्टूल सरकवल्याचा आला. मग तो वहिनींना समजावू लागला की वळवला तर ढाळ जातो, आणि ढाळ गेला की तुंबणार. वहिनी काहीतरी हळू बोलल्या. आणि मग त्याचा आवाज आला, सगळ्या जिन्यात घुमणारा.

"सून-बिन काय नाय हो मावशी. वरच्या सरांना थांबतच नाय ना. हॉलमधून जाईस्तोवर वाटेतच होऊन जातं. म्हातारपणी असं लय लोकांचं हाय, त्यात काय लाजायचं?"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. तिथल्या बाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत आलो, दार लावलं, आणि लावल्यावर वाटलं की हे तर आणखी वाईट दिसलं. झालेल्या गोष्टीची लाज होतीच. आता तिच्यावर खोटं बोलल्याची चढली. आणि तेही अजून ठरलेल्याही नसलेल्या सुनेच्या नावावर.

प्लंबरला मी काही बोललो नाही. तो वर येऊन म्हणाला, "सर, मावशी विचार करते म्हणाल्या." त्याच्या मते त्याने माझं कामच केलं होतं, आणि खरं म्हणजे केलंच होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी वर आल्या. मी खोलीत होतो, दार लोटून घेतलं. बाहेर त्या माझ्या बायकोशी बोलल्या, ते बायकोने नंतर मला सांगितलं. देव त्या स्वयंपाकघरात हलवणार होत्या. संमतीच्या कागदावर सहीही केली होती. अट एकच. त्यांच्या घरात तोडफोड होईल तेव्हा मी स्वतः तिथे बसायचं. त्या एकट्या राहतात, घरात परकी माणसं हातोडे घेऊन फिरणार, कुणीतरी आपलं माणूस हवं. मुलगा कामावर जातो, मी घरीच असतो.

मी म्हटलं, जमणार नाही. इतका वेळ मला दुसऱ्याच्या घरी बसता येणार नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती न थांबता म्हणाली, "मग राहू द्या. चादरी मी धुतेच आहे. मला सवय झालीये." तिचा आवाज चढलेला नव्हता. ती घड्यांचा गठ्ठा उचलून कपाटाशी गेली आणि मी तिला म्हटलं की उद्या मी बसतो खाली.

सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. चहासुद्धा घेतला नाही. गडद रंगाची पँट घातली. खाली गेलो तेव्हा आतली खोली रिकामी केलेली होती. देव स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला एका पाटावर मांडले होते, आणि देव्हारा जिथे होता तिथे भिंतीवर तेलकट, काळपट चौकोन उरला होता. प्लंबर वर स्लॅबला भोक पाडून खाली आला आणि छताला क्लॅम्प मारायला लागला. सगळीकडे सिमेंटची धूळ. वहिनींनी मला हॉलमध्ये खुर्ची दिली आणि त्या माझ्यासमोर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून लाल मिरच्यांचे देठ काढत बसल्या. फारसं बोलणं झालं नाही. मुलगी पुण्याला कशी आहे विचारलं, बरी आहे म्हणाल्या.

त्यांच्या घराची रचना आमच्यासारखीच. संडास दाराशी. वर आमच्या घरातलं सगळं पाणी त्या दिवशी बंद होतं, पण त्यांचं चालू होतं. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. मी विचारलं नाही. त्यांच्यासमोरून उठून त्या दाराकडे जायचं म्हणजे प्लंबर जे ओरडून सांगून गेला होता त्यावर आपण होऊन शिक्का मारायचा, असं मला वाटत होतं. पाणी प्यायलेलो नाही, निभेल, असा हिशेब होता. मग प्लंबरने भोकाच्या कडा साफ करायला वर थांबलेल्या आपल्या मदतनिसाला भरून ठेवलेलं बादलीभर पाणी सोडायला सांगितलं, आणि छतातून ते पाणी खालच्या टबात पडायला लागलं. तो आवाज मी ऐकला आणि उठलो. हॉलच्या मध्यावरच झालं. त्यांच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, त्यांच्या मिरच्यांपासून हातभर अंतरावर.

मी हललो नाही. हललो तर जास्त पसरेल, एवढंच डोक्यात होतं.

वहिनींनी पाहिलं. त्या उठल्या, आतल्या खोलीशी गेल्या, आत डोकावून म्हणाल्या, "धूळ बाहेर येतेय," आणि खोलीचं दार ओढून बाहेरून कडी घातली. आत ड्रिल चालूच होतं. मग त्यांनी कपाटातून एक पांढरा लेंगा आणि टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि संडासाच्या दाराकडे नुसता हात केला. लेंगा त्यांच्या यजमानांचा होता. नाडीसुद्धा घातलेली होती.

मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी मिरच्यांचा कागद बाजूला ओढला होता, पण फरशी पुसलेली नव्हती. बादली आणि फडकं तिथे ठेवलं होतं. त्या परत देठ काढायला बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि पुसलं. त्यांनी मला थांबवलं नाही, राहू द्या म्हणाल्या नाहीत. त्याचं मला फार बरं वाटलं, आणि तरी पुसताना माझे कान इतके तापले होते की मला मान वर करता येत नव्हती.

मी पुसत असतानाच त्या बोलल्या.

"ह्यांचं शेवटचं दीड वर्ष असंच गेलं. मला धुण्याचं काही नव्हतं हो सर. पण त्यांना माझी लाज वाटायला लागली. मी खोलीत गेले की डोळे मिटून घ्यायचे. बोलणं टाकलं माझ्याशी. जाईपर्यंत टाकलं ते टाकलं." त्यांनी मिरच्या पाटीत सारल्या. "तुमच्या घरून पण आजकाल आवाज येत नाही. पूर्वी तुम्ही तिला पेपर वाचून दाखवायचात, मला खाली ऐकू यायचं. आता नुसती तिचीच पावलं ऐकू येतात."

मी फडकं बादलीत पिळलं.  एवढ्यात आतून दारावर थापा पडायला लागल्या. ड्रिल बंद झालं होतं आणि प्लंबर ओरडत होता, "मावशी, दार लागलं काय? मी आतच हाय!" वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि मग उठून कडी काढली. प्लंबरने बाहेर येऊन माझ्या पांढऱ्या लेंग्याकडे पाहिलं आणि त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो गप्प राहिला.

त्या दिवशी पाइपला पाइप जुळला. जोडावर सोल्युशन लागलं, मधे ढाळ मोजायला तो पुन्हा पुन्हा लेव्हलची पट्टी धरत होता. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. मधे एकदा वहिनींना विचारून उठलो आणि त्यांच्या संडासात जाऊन आलो.  त्या फक्त हं म्हणाल्या.

वर आलो तेव्हा बायकोने लेंगा पाहिला. तिने विचारलं नाही. विचारायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्याला टेकून उभा राहिलो आणि तिला काय झालं ते सांगितलं. सगळं सांगितलं. त्या रविवारी मी तुझ्यावर द्राक्षांवरून उगाच ओरडलो, हेही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, "कपाटात पाकीट आहे. मी दाखवते कसं घालायचं. मलाही नीट माहीत नाहीये, चुकेल एखाद-दोनदा." आम्ही दोघं त्या खोलीत दार लावून उभे राहिलो, आणि पहिलं उलटंच घातलं गेलं. ती हसली. मला हसता आलं नाही, पण मी तिथून निघूनही गेलो नाही.

नवा संडास झाला. छोटा आहे, उभं राहिलं की कोपर भिंतीला लागतं, पण बिछान्यापासून चार पावलांवर. पुढच्या काही महिन्यांत माझा ताबाही बराच परत आला. पूर्ण नाही. आज तो संडास माझ्याइतकाच मुलगाही वापरतो. ट्रॅकवर मी पुन्हा जायला लागलो, पण वेळ बदलली, जुन्या मंडळींच्या नंतरची. त्यांच्यातला एक जण परवा भाजीबाजारात भेटला आणि मला पाहून फार मोठ्याने, फार आनंदाने बोलला. मी निमित्त सांगून निघालो.

वहिनींच्या आतल्या खोलीत आता छताला पाइप आहे. मुलाने त्याला पीओपीची पेटी करून दिली, रंग दिला, बघणाऱ्याला कळतही नाही. पण देव परत तिथे गेले नाहीत. ते स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या शेजारी, पाटावरच आहेत. सागवानी देव्हारा तिथे मावत नव्हता, तो त्यांनी मुलीकडे पुण्याला पाठवला. कुणी आल्यागेल्याने विचारलं तर काय सांगतात कोण जाणे. मी विचारलेलं नाही.

आजही खोलीत फ्लश ओढताना माझा हात क्षणभर थांबतो. पाणी कुठून जातं ते मला नेमकं माहीत आहे. भोक कुठे, पाइपचं वळण कुठे, ढाळ किती, सगळं मी खाली बसून पाहिलंय. एकदा जिन्यात धीर करून वहिनींना विचारलं, की आवाजाचा त्रास होतो का. त्यांच्या हातात बरण्यांची पिशवी होती. म्हणाल्या, "येतो की ऐकू. पाण्याचा आवाज आहे, त्यात काय." आणि मग दोन पायऱ्या उतरून मागे वळून म्हणाल्या, "पेपर मात्र जरा मोठ्याने वाचा. अर्धंच ऐकू येतं."

समोरच्या बाई तेव्हाही दारात होत्या. माझी मान खाली गेली. मी हो म्हटलं आणि वर आलो.